इंदूला 'वाढ' शिकवताना

माझ्या पुतण्याची सून हिंजवडीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला आहे. तिचा मुलगा चार वर्षांचा झाला तरी बोलेना, हाक मारली तर बघेना. डॉक्टरांनी 'स्वमग्नता' असं नाव सांगितलं. ती माझ्याकडे येऊन रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "आजी, तुम्ही इंदूआत्यांना घरच्या घरी शिकवलंत ना? कसं शिकवलंत ते मला लिहून द्या."

लिहायला बसले आहे खरी, पण आधीच सांगते, माझ्याकडे पद्धतबिद्धत काही नाही. वैताग आहे, तो मात्र भरपूर आहे. तो वाचून कुणाचं भलं होणार असेल तर होवो.

इंदू माझी पहिली मुलगी. एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची ही गोष्ट, भूगावातली. आता जिथे कार्यालयं आणि बिल्डिंगा आहेत तिथे आमची भातखाचरं होती. मी पुण्याच्या पेठेतली, सातवी पास, आणि जिभेची जरा तिखटच. घरात चौघंच: मी, हे, इंदू आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझी सासू. आमच्यात सासूला आत्याबाईच म्हणतात. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले.

इंदू पितळेचं झाकण जमिनीवर गरागरा फिरवत बसायची, तास तास. तांदळातले खडे तिच्याइतके भराभर घरात कुणी निवडत नसे. मुकी नव्हती. आपण बोललो की तेच परत बोलायची. "इंदू, पाणी पाहिजे का?" विचारलं की "पाणी पाहिजे का?" म्हणायची आणि झाकण फिरवायला मोकळी. खरी तहान लागली की माझा हात धरून ओढत न्यायची आणि माठावर ठेवायची. हात माझा नव्हेच, घरातली एखादी पळी आहे, अशा थाटात. माझ्या तोंडाकडे बघायची गरज तिला कधी वाटली नाही.

डॉक्टरांचा दिवस

आधी गावचे उपाय झाले. वेखंड उगाळून जिभेला लावलं. देवळातल्या घंटेत पाणी धरून पाजलं. आत्याबाई म्हणायच्या, "मधाचं बोट फिरवा जिभंवरनं, फुटंल वाचा." मधाची बाटली संपली, वाचा काही फुटली नाही.

मग एसटीने पुण्याला नेलं, मोठ्या डॉक्टरांकडे. त्यांनी इंदूच्या पाठीमागून टाळी वाजवली. ती हलली नाही. मग त्यांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून कागद चुरगाळला, तशी गर्रकन वळली. "कान शाबूत आहेत," ते म्हणाले. वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न बघता ह्यांना सांगितलं, मुलगी मतिमंद आहे, ही अशीच राहणार, दुसरं मूल होऊ द्या. उठताना मला एकच विचारलं, "तान्ही असताना तुम्ही हिला जवळ घेत होता ना?"

मी म्हटलं, "नाही, खुंटीला टांगून ठेवत होते."

ह्यांनी मान खाली घातली. येताना एसटीत एवढंच म्हणाले, "डॉक्टरला असं बोलतात का?" मी खिडकीकडे तोंड करून रडत होते, आणि इंदू कंडक्टरच्या चिमट्याची टकटक ऐकून खुदुखुदु हसत होती. त्या दिवशी आम्हा तिघांत तीच काय ती सुखी होती.

कान

त्याच वर्षी तिच्या कानाचं झालं. चार दिवस ती भिंतीवर डोकं आपटत होती. खाईना, पिईना, अंगाला हात लावू देईना. मला वाटलं हट्ट. ह्यांनाही वाटलं हट्ट. चौथ्या दिवशी मी तिच्या पाठीत दोन धपाटे घातले. पाचव्या दिवशी सकाळी उशीवर पू दिसला. कान फुटला होता. चार दिवस लेकराचा कान ठणकत होता, ते आम्हाला सांगता येईना म्हणून ते भिंतीला सांगत होतं, आणि मी त्यावर मार दिला.

त्या दिवशी मी ठरवलं. शाळा नको, श्लोक नको, शुद्ध बोलणं तर नकोच नको. दुखतंय आणि कुठं दुखतंय, एवढं हिला सांगता आलं पाहिजे. माझ्यामागे हिचं काय होईल ते पुढचं पुढे. मी जिवंत असताना मला तरी कळू दे.

'दुखतंय'

मोठ्या उत्साहाने सुरुवात केली. आपल्याच दंडाला चिमटा काढायचा आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "आई गं, दुखतंय." दिवसातून वीस वेळा. माझा दंड काळानिळा झाला. पंधरा दिवसांनी इंदू म्हणाली, "दुखतंय." मी देवापुढे साखर ठेवली.

ती साखर मुंग्यांनी नेली नाही तोवर कळलं की तिच्या लेखी 'दुखतंय' हे चिमट्याचं नाव आहे. येईल त्याला चिमटा काढायची आणि गोड आवाजात सांगायची, "आई गं, दुखतंय." शाळेचे गुरुजी काही कामाने आले होते, ते अंगणातूनच दंड चोळत परत गेले. आत्याबाई म्हणाल्या, "लई चांगलं शिकिवलंस. आता चावाया शिकव."

मला एवढा राग आला की मी त्या दिवशी ताक करायचंच विसरले.

येतो की जातो

मग मी नवा कायदा केला. एका शब्दाचा एकच अर्थ, आणि घरातल्या सगळ्यांनी तो तसाच वापरायचा. सुरुवात 'ये'पासून. हाताने खूण करून 'ये' म्हणायचं, आली की गुळाचा खडा. दीड महिन्याने 'ये' म्हटलं की इंदू यायला लागली. पुढे मी हवी असले की तीच 'ये' म्हणू लागली. माझा हात ओढायच्या ऐवजी मला बोलावू लागली. हे किती मोठं होतं ते अशा पोराच्या आईलाच कळेल.

ते ह्यांनी एका सकाळी मातीत घातलं. सायकलला दुधाच्या किटल्या अडकवल्या, पुण्याला निघाले आणि दारातून म्हणाले, "येतो गं." झालं. येतो म्हणाले आणि पाठ फिरवून चालले. इंदू उंबऱ्यात बसून, बाप येतो म्हणाला तो येत कसा नाही, म्हणून भोकाड पसरून बसली. दुपार झाली तरी उठेना.

मी फर्मान काढलं, उद्यापासून जाताना 'जातो' म्हणायचं. आत्याबाई चुलीपुढून उठल्याच.

"सकाळच्या पारी घरातनं 'जातो' म्हनायचं? जीभ झडंल की गं."

"मग जाताना 'येतो' म्हणणं हे खोटं नाही का, आत्याबाई?"

"खोटं कसं? परत येतोय न्हवं?"

ह्यांनी बायको आणि आई दोघींना सांभाळायचा पुरुषी तोडगा काढला. कुणाशी न बोलता मागच्या दाराने सायकल उचलून नेऊ लागले. वर्षभर माझा नवरा रोज सकाळी स्वतःच्या घरातून चोरासारखा पळून जात होता.

खुंट्या

मी भिंतीत इंदूच्या हाताला येतील अशा तीन खुंट्या ठोकून घेतल्या. एकीला सुतळीने गडू बांधला, तो पाण्याचा. दुसरीला काठाशी भोक पाडलेली थाळी, ती जेवणाची. तिसरीला माझी चप्पल, म्हणजे बाहेर जायचंय. जे हवं ते काढून माझ्या हातात आणून द्यायचं, एवढाच नियम. स्वयंपाकघरात भिंतीला चप्पल टांगली म्हणून आत्याबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. इंदू मात्र आठवड्यात शिकली. पुस्तकाशिवाय मला सुचलेलं हे एकच शहाणपण, आणि नातसुनेने हे एक तरी उचलावं.

थाळी आली की त्याला शब्द जोडायचा होता. मी भाताची पळी भरून धरायची आणि थांबायचं. "वाढ म्हण." ती थाळी आपटायची, मी थांबायचे. ती किंचाळायची, मी थांबायचे. भात निवायचा, आमटीवर साय धरायची. आत्याबाई तिथेच बसून, "लेकराला उपाशी मारतीस व्हय? आगं वाढ की तिला, वाढ." म्हणजे इंदूने म्हणायचा शब्द सासूबाईच म्हणून मोकळ्या. मला पळी टाकून रानात निघून जावंसं वाटायचं. कधी कधी जातही असे. बांधावर बसून मोठ्याने बडबडून परत यायचे.

भातलावणीला सुरू केलेलं हे कापणीपर्यंत चाललं. एका दुपारी इंदूने थाळी पुढे केली, पळीकडे बघितलं आणि म्हणाली, "वाढ." माझ्यामागून नाही, कुणी म्हण म्हटलं म्हणून नाही, आपणहून. मी इतका भात वाढला की थाळीबाहेर सांडला. आत्याबाईंनी पदराने डोळे पुसले आणि वर मला म्हणाल्या, "सांडू नगंस, अन्न हाय ते."

आठ दिवस मी हवेत होते. नवव्या दिवशी मळणीची पूजा. हे खळ्यावर उभे राहून म्हणाले, "चला, नारळ वाढवतो." इंदू घरातून थाळी घेऊन धावत आली आणि खळ्याच्या मधोमध मांडी घालून बसली. नारळ फुटला, पाणी उडालं, भात काही आला नाही. जमलेली माणसं पोट धरून हसली. मला मेलं हसू आलं नाही.

बांगडी

पण खरी डोकेदुखी नारळ नव्हता, बांगडी होती. कासारीण आली की इंदू शहाण्यासारखी हात पुढे करून बसायची. हिरव्या काचेच्या बांगड्या तिला फार आवडायच्या. पण त्या दोन दिवस टिकायच्या नाहीत. एक गेली की आत्याबाईंचा सूर लागायचा, "वाढली गं बाय, वाढली." की इंदू निघाली थाळी आणायला.

एक दिवस मी भांडलेच.

"आत्याबाई, 'फुटली' म्हणा. 'वाढ' म्हणजे जेवण, एवढं एक तिच्या डोक्यात मी कसंबसं बसवलंय. त्याचं वाटोळं करू नका."

"सवाशिणीच्या घरात बांगडी फुटली म्हनू? माझ्या लेकाच्या जिवावर उठलीस काय?"

"बांगडी इंदूची आहे. तिला कुठला आलाय नवरा?"

"व्हईल की कदी," आत्याबाई म्हणाल्या.

मला राग आला आणि रडूही आलं. असं म्हणणारं अख्ख्या जगात ते एकच माणूस होतं, आणि त्याच माणसाशी माझं रोज वाजत होतं. मी तरातरा आत निघून गेले. बांगडी वाढली की मी नेहमीच धुसफुसत आत जायचे. 'वाढली' म्हटल्यावर बाहेर ओसरीवर आजी-नात पुढे काय करतात, ते मी कधी थांबून बघितलंच नाही. त्या दिवसानंतर मी इंदूला बांगड्या भरणंच बंद केलं.

हात

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी. हे पुण्याला गेलेले. आत्याबाई गोठ्यामागे गोवऱ्या थापत होत्या. इंदू अंगणातून आत आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. उजवा हात पोटाशी धरलेला. चेहरा पांढरा पडला होता, पण ऊन लागलं असेल, असं मला वाटलं. ती म्हणाली, "हात वाढला."

दोन शब्द. जन्मात पहिल्यांदा तिने दोन शब्द आपले आपण जोडले होते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आदल्या आठवड्यापासून मी तिच्या हातात पळी देऊन स्वतः वाढून घ्यायला शिकवत होते, तेच ती मागतेय असं मी समजले. लगबगीने थाळी मांडली, भात काढला, पळी तिच्या उजव्या हातात दिली. पळी खाली पडली.

"हात वाढला."

"हो गं माझी बाय, तूच वाढ." मी पळी पुन्हा दिली. ती किंचाळली आणि तिने थाळी पायाने उडवली. भात चुलीपर्यंत गेला.

मग माझं नेहमीचं झालं. दोन वर्षांचा सगळा वैताग एकदम वर आला. मी तिचा तोच हात मनगटाला धरून खसकन ओढला आणि ओरडले, "नीट सांग, काय पाहिजे?"

तसा आवाज मी कुणाही माणसाच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. आत्याबाई शेणाचे हात तसेच घेऊन धावत आल्या. इंदू माझ्याकडे पाठ करून त्यांना सांगायला लागली, "हात वाढला. हात वाढला."

आत्याबाईंनी एकदाच तिच्याकडे बघितलं.

"शांते, सोड तिला. सोड आदी. हात मोडलाय तिचा."

"अहो, जेवायला मागत होती ती," मी म्हटलं.

"जेवायला न्हाई गं. बांगडी वाढली की काच लागायची तिला. मग मी हळद लावायची, फुक्कर घालायची, आन् म्हनायची वाढली गं बाय, वाढली. तिला ठावं हाय ते. तिला बराबर ठावं हाय."

गोठ्याच्या दगडी गडग्यावरून पडली होती ती. मनगटाच्या वर हात वाकडा झालेला मला तेव्हा दिसला. दुखतंय आणि कुठं दुखतंय, एवढंच मला हवं होतं ना? तेच ती सांगत होती, दोन्ही गोष्टी, अगदी चोख. आधी मलाच सांगायला आली होती. जो शब्द मी घरातून हाकलत होते, त्या शब्दात सांगत होती, म्हणून मला कळलं नाही. आणि तोच हात मी ओढला.

दवाखाना

आत्याबाईंनी बांबूच्या कामट्या लावून हात बांधला आणि आम्ही मिळेल त्या एसटीने पुण्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, दोन्ही हाडं मोडलीत. प्लास्टर घातलं आणि तीन दिवस ठेवून घेतलं. मी त्यांना विचारलं, "मी ओढल्यामुळे जास्त मोडला का?" ते म्हणाले, सांगता येत नाही. नाही म्हणाले असते तर काय बिघडलं असतं, पण खरं बोलणारा माणूस होता.

सकाळ-संध्याकाळ नर्स यायची आणि मला विचारायची, "ताप वाढला का?" ते ऐकून इंदू दचकून आपल्या सगळ्या अंगाकडे बघायची. तिसऱ्या वेळेला मी नर्सला म्हटलं, "बाई, ताप चढला का म्हणा." ती म्हणाली, "काय फरक पडतो हो?" वॉर्डातल्या आयाबाईंनी इंदूला फिरवायला एक जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, झाकण आणून दिलं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या झाकणाने आमचे तीन दिवस निभावले.

हे रोज दूध घालून झालं की यायचे. पहिल्या दिवशी निघताना दारात घुटमळले. 'येतो' म्हणावं तर लेक रडते, 'जातो' म्हणावं तर आई रडते. शेवटी इंदूच्या खाटेजवळ परत आले आणि म्हणाले, "जातो. मग येतो." इंदू म्हणाली, "जातो. मग येतो." आणि झाकण फिरवायला लागली. रडली नाही. वर्षभर मी आणि आत्याबाई ज्यावरून भांडलो, ते ह्या माणसाने तीन शब्दांत मिटवलं. मागच्या दाराने पळायच्या आधी नाही सुचलं त्यांना ते.

घरी आल्यावर मी आत्याबाईंची माफी मागितली नाही. आमच्यात तशी रीत नव्हती, आणि मागितली असती तर त्या म्हणाल्या असत्या, काय खुळी का काय. मी कासारणीला बोलावलं आणि त्यांच्यासमोर इंदूच्या धड हातात सहा हिरव्या बांगड्या भरल्या. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "जरा मोठ्या मापाच्या घ्यायच्या हुत्या."

पुढे

त्यानंतर इंदूचं सगळं दुखणं 'वाढलं' झालं. कान वाढला. दाढ वाढली. एकदा पोट वाढलं म्हणाली, तेव्हा नवे डॉक्टर गालात हसले. मी म्हटलं, हसू नका, औषध द्या. पुन्हा कधी तिला भिंतीला सांगावं लागलं नाही. आता साठीला आली, माझ्याशेजारी बसून तांदूळ निवडतेय, तीस-पस्तीस शब्द आहेत तिच्याकडे. त्यांतले मी शिकवलेले निम्मे असतील. बाकीचे तिने कुठून उचलले ते मी अजून शोधतेय. नातसुनेला म्हणून एवढंच सांगते: शिकव, खुंट्या ठोक, थांब, चिड, बांधावर जाऊन बडबड. पण पोरगं काही बोललं आणि ते चुकीचं वाटलं, तर आधी घरात विचार की हा शब्द त्याने कुणाच्या मांडीवर ऐकला.

आत्याबाई गेल्या तेव्हा इंदू चौदा-पंधरा वर्षांची होती. सकाळची वेळ. ओसरीवर बायका जमल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, इंदीला आत ठेवा, तिला काय कळतंय. ती आपणच बाहेर आली, आजीशेजारी बसली आणि आजीचं मनगट उचलून बघितलं. मग उठून आत गेली, डब्यातली हळद घेऊन आली आणि आजीच्या मनगटाला लावू लागली. बायकांत चुळबुळ झाली, विधवेला हळद लावतेय म्हणून. मी हातानेच त्यांना गप्प बसवलं. इंदूने हळद लावली, फुंकर घातली, थोडा वेळ वाट बघितली, पुन्हा फुंकर घातली. मग वर माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आजी वाढली."

एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "जेवाया मागतीया का काय?"

"न्हाई," मी म्हटलं, आत्याबाईंच्याच बोलीत. "ती बराबर बोलतीया."